मुक्या प्रवाशाचा दाखला

श्रोतेहो, मागील वर्षी व्याख्यान आटोपल्यावर मंडपाच्या दाराशी एका प्रौढ बाईंनी आम्हांला थांबविले. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त जर्मनीस जाऊन स्थिरावला होता आणि घरचा कुत्रा त्याच्याकडे पाठवावयाचा होता. कुत्रा विलायती जातीचा वगैरे नव्हे. धाराशिवच्याच एका गल्लीत जन्मलेला, तांबूस रंगाचा, एक कान पडलेला. बाई म्हणाल्या, "मुलाचे कागद महिन्यात झाले. या कुत्र्याचे चार महिने झाले तरी होत नाहीत. हे काय गौडबंगाल आहे, तेवढे सांगा." भोवतालची मंडळी हसली, आणि खरे सांगायचे तर आम्हीही हसलो. पण घरी गेल्यावर लक्षात आले की प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर कोणत्याही एका कचेरीत मिळणार नाही, कारण ते इतिहासात आहे. आणि त्या इतिहासातला एक मोठा प्रसंग आपल्याच देशातून बोटीवर चढलेल्या गुराढोरांनी घडविलेला आहे. म्हणून आजचा विषय आम्ही तोच घेतला.

परदेश म्हटले म्हणजे आज आपल्या डोळ्यांपुढे विमान उभे राहते. परंतु आज नव्वदीच्या घरात असलेल्या आपल्या जिल्ह्यातील एखाद्या शेतकऱ्याला विचारा. त्याच्या लहानपणी परमुलूख बार्शीला सुरू होत असे. धाराशिव निजामाच्या राज्यात, बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात, आणि मध्ये करोडगिरीचा नाका. करोडगिरी म्हणजे निजामी राज्याचे जकात खाते. मुलखात येणाऱ्या आणि मुलखाबाहेर जाणाऱ्या मालावर ते जकात घेई. नाक्यावरचा प्रश्न एकच असे : काय नेता, आणि त्यावर काय देणे लागते? बैलाच्या तोंडाला लाळ सुटली आहे काय, शेळी हगवणीने बेजार आहे काय, याच्याशी नाकेदाराला कर्तव्य नव्हते. बाजारात जनावर घेतले की पावती होई. तीत रंग, शिंगे, दात, भोवरे यांची नोंद असे. दोनदाती, चौदाती की जुळलेला हे लिहिले जाई. जनावर कोणाचे आणि कोणते, एवढे त्या कागदावरून कळे. ते निरोगी आहे किंवा कसे, हे घेणाऱ्याने आपल्या डोळ्यांनी पाहून घ्यावे. आपले लोक पाहतही असत. जबडा उघडून, शेपटी ओढून, चार पावले चालवून, खांद्यावर थाप मारून ते जी परीक्षा करीत, ती पुस्तकी माणसाला साधणार नाही.

कोणते जनावर, हा प्रश्न फार जुना आहे आणि निरोगी आहे काय, हा त्या मानाने नवा. पहिल्याचा इतिहास चटकन सांगून टाकतो. आपले तेर म्हणजे ग्रीक खलाशांच्या प्रवासवर्णनातले तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात येथला माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जाई, असे ते वर्णन सांगते. एवढी वाट तुडविणाऱ्या बैलांचा दाखला कोणी विचारल्याची नोंद नाही. आपल्या उमरग्याहून जवळच असलेल्या कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ केला. त्यात हत्तीघोड्यांची लक्षणे आहेत, उपचार आहेत, आणि शिकारी कुत्र्यांवरही स्वतंत्र प्रकरण आहे. राजाला कुत्र्याची पारख होती. पण कागद त्याच्याही राज्यात नव्हता.

जनावराच्या ओळखीचा पक्का सरकारी कागद आला तो लष्करातून. अल्लाउद्दीन खलजीने घोड्यांना डाग देण्याची पद्धत घातली आणि अकबराने ती घट्ट केली. घोड्याच्या अंगावर डाग आणि दप्तरात स्वाराचा व घोड्याचा चेहरा, म्हणजे वर्णन. कारण मोठे मजेदार आहे. मोजणीच्या दिवशी सरदार लोक शेजाऱ्याची घोडी उसनी आणून उभी करीत, चांगल्या घोड्याचा पगार घेऊन पागेत मरतुकडे तट्टू बांधीत. कागदावरचा घोडा आणि दाव्याचा घोडा एकच, हे सिद्ध करण्यासाठी डाग आला. श्रोत्यांनी हा डाग ध्यानात ठेवावा. पुढे तो तांदळाच्या दाण्याएवढा होऊन पुन्हा भेटणार आहे.

आता दुसरा प्रश्न. रोग सीमा ओलांडतो हे आपल्या खेडुतांना ठाऊक नव्हते असे कोणी समजू नये. पटकी आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडीत. पुढच्या गावाने तो आपल्या शिवेवरून त्यापुढच्या गावाच्या हद्दीत ढकलावा, असा रिवाज. रोग शिवेवरून जातो हे त्यात नीट ओळखलेले आहे. उपाय मात्र शेजाऱ्याच्या पदरात घालण्याचा आहे. आणि आम्ही हसावे असेही त्यात काही नाही, कारण शहाण्यासुरत्या युरोपनेही बराच काळ याहून वेगळे केले नाही.

गुरांच्या रोगांत सर्वांत भयंकर बुळकांडी. ताप, तोंडात व्रण, मग जुलाब, आणि आठ-दहा दिवसांत जनावर आडवे. जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात या नावाचा धाक अजून आहे. एका हंगामात गोठा रिकामा झाला की पुढल्या पेरणीला औत कशाने ओढावे? १८६५ साली हाच रोग लंडनच्या गोठ्यांत शिरला आणि इंग्लंड हादरले. हिंदुस्थानात सरकारने १८६९ साली हॅलन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ नेमले. त्याचा अहवाल १८७१ मध्ये आला. १८८९ साली पुण्यास जंतुशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा निघाली, आणि तीच चार वर्षांनी हिमालयाच्या कुशीत मुक्तेश्वरला गेली, कारण असले जंतू दाट वस्तीत ठेवणे धोक्याचे. आज बरेलीजवळ इज्जतनगरला असलेल्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचे मूळ हे असे पुण्याचे आहे. १८९८ साली बाहेरून येणाऱ्या जनावरांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. म्हणजे आपल्या देशात येणाऱ्याला अडविण्याची तजवीज झाली. आपल्या देशातून जाणाऱ्याचे काय, हा प्रश्न विचारण्यास आणखी बावीस वर्षे आणि एक अरिष्ट लागले.

ते असे. ब्राझील देशातील पशुपालकांना आपल्या वशिंडवाल्या गाईबैलांचे फार वेड. गीर, कांक्रेज आणि नेल्लोरकडची ओंगोल ही जनावरे उन्हाला दाद देत नाहीत, गोचिडांना जुमानत नाहीत. तिकडच्या उष्ण कुरणांत युरोपी गाई झुरत आणि ही धष्टपुष्ट होत. म्हणून हिंदुस्थानातून बोटी भरभरून गुरे जाऊ लागली. १९२० साली असाच एक कळप बेल्जियममधील अँटवर्प बंदरात बोट बदलण्यासाठी उतरला. जनावरे दिसण्यात धडधाकट होती. आपल्या गुरांत बुळकांडी पिढ्यान्‌पिढ्या वावरलेली. त्यामुळे त्यांच्यात पुष्कळदा ती सौम्य रूपाने येते. थोडा ताप, थोडी सुस्ती, आणि जनावर पुन्हा वैरण खाऊ लागते. युरोपी गुरांना तो वारसा नव्हता. बंदरातून रोग बाजारात गेला, बाजारातून गोठ्यांत गेला आणि बेल्जियमभर गुरे मरू लागली. आजारी आणि आजाऱ्यांजवळची, अशी सर्व जनावरे मारून टाकावी तेव्हा कोठे साथ आटोक्यात आली. महायुद्धात तो देश आधीच उद्ध्वस्त झालेला. जी गुरे युद्धातून वाचली होती त्यांतली कित्येक अशी गेली. पुढच्याच वर्षी ब्राझीलमध्येही बुळकांडी प्रकटली आणि ज्या गुरांचे एवढे कौतुक, त्यांच्या आयातीला तेथे दरवाजे लागले. १९६२ साली ओंगोल वळू पुन्हा तिकडे गेले, तेव्हा त्यांना आधी भर समुद्रातल्या एका बेटावर ठेवून पारखून घेतले.

अँटवर्पच्या गोदीत बाजारची जुनी परीक्षा नापास झाली. आपला एखादा जाणता दलाल तेथे असता, तर त्यानेही जबडा उघडून, पाठ थोपटून, "जनावर चोख आहे" असेच सांगितले असते. आणि डोळ्यांपुरते ते खरे असते. पण रोग अंगात शिरल्यापासून दिसू लागेपर्यंत मध्ये काही दिवस जातात. त्या दिवसांत जनावर हिंडते, खाते, आणि रोग वाटते. हे दिवस कोणाच्याही नजरेला दिसत नाहीत. ते फक्त मोजता येतात, आणि मोजलेले दिवस राहतात ते कागदावर.

या अनर्थानंतर १९२१ साली पॅरिसला देशोदेशींचे पशुवैद्य जमले आणि २५ जानेवारी १९२४ रोजी २८ राष्ट्रांनी करार करून एक आंतरराष्ट्रीय कचेरी स्थापिली. कोठल्याही देशात जनावरांची साथ उठली तर त्या देशाने ती लपवू नये, ताबडतोब कळवावे, हा तिच्या कामाचा गाभा. तिचे पहिले प्रमुख फ्रेंच पशुवैद्य लक्लँश. तीच संस्था आज जागतिक पशुआरोग्य संघटना या नावाने चालते. माणसांच्या आरोग्याची जागतिक संघटना १९४८ ची. म्हणजे या बाबतीत जनावरे माणसांच्या चोवीस वर्षे पुढे! जनावराच्या परदेशी दाखल्यात काय लिहावे, कोणी लिहावे, कोणत्या रोगाला किती दिवस धरावे, याचे नियम तिच्या संहितेवरून निघतात. धाराशिवच्या एककानी कुत्र्याच्या कागदांचा धागा अँटवर्पच्या गोदीपर्यंत जातो तो असा.

कुत्र्याची गोष्ट मात्र गुरांहून थोडी वेगळी आहे. गाईबैलांत व्यापार आहे, कुत्र्यात माया आहे, आणि माया ही व्यापाराहूनही नियम मोडण्यास उतावीळ असते. इंग्लंडने कडक उपाय करून १९०२ च्या सुमारास आपल्या बेटांतून कुत्र्यांची पिसाळ नाहीशी केली होती. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला सहा महिने सरकारी कोंडीत ठेवावयाचे, असा दंडक होता. पहिल्या महायुद्धानंतर १९१८ मध्ये घरी परतणाऱ्या शिपायांनी खंदकात सोबत केलेले कुत्रे चोरून आपल्याबरोबर आणले. त्या शिपायांना बोल लावणे आमच्या जिवावर येते. पण त्या मायेबरोबर पिसाळही उतरली, आणि ती पुन्हा निपटण्यास १९२२ साल उजाडले. मग इंग्लंडचा तो सहा महिन्यांचा दंडक असा पक्का झाला की २००० सालापर्यंत हलला नाही. येथून निवृत्त होऊन मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या साहेबाचा कुत्राही त्याला चुकला नाही.

सहाच महिने का? कुत्रा चावल्यापासून पिसाळ प्रकट होण्यास बहुधा एक ते तीन महिने लागतात. क्वचित पुष्कळ अधिक. सहा महिने कोंडीत काढले की बहुतेक लपलेला रोग बाहेर पडतो. पद्धत खात्रीची, पण निर्दय. कुत्रा मालकापासून तुटे, कित्येक झुरत. पुढे लस सुधारली आणि रक्त तपासून लस लागू पडली की नाही हे सांगता येऊ लागले. तेव्हा कोंडीतले दिवस घरी काढण्याची सवलत मिळाली. त्या बाईंचे चार महिने ते हेच. कोंडवाडा गेला आणि दिनदर्शिका राहिली.

युरोपातील देशांचा आजचा क्रम असा आहे. आधी कुत्र्याच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप घालतात. तीत पंधरा आकडी क्रमांक असतो आणि यंत्र धरले की तो वाचता येतो. अकबराचा डाग तो हाच. त्यानंतर पिसाळीची लस. लसीला निदान तीस दिवस झाले की रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवितात. तेथे रक्तातील प्रतिकारशक्ती मिलिलिटरला अर्धा आंतरराष्ट्रीय एकक किंवा अधिक भरली पाहिजे. रक्त काढल्यापासून पुढे तीन महिने थांबणे. ते कशासाठी? लसीच्या आधीच एखाद्या पिसाळलेल्या कुत्र्याचा दात लागला असेल, तर या मुदतीत तो रोग डोके वर काढील. सर्वांच्या शेवटी सरकारी पशुवैद्याचा आरोग्य दाखला, आणि तो दहा दिवसांत तिकडच्या नाक्यावर दाखविला पाहिजे. आपल्याकडे हे शेवटचे काम केंद्र सरकारच्या पशु संगरोध केंद्रात होते. आपल्या जिल्ह्याला त्यांतली सोयीची म्हणजे मुंबई किंवा हैदराबाद. जपान रक्त काढल्यापासून १८० दिवस मोजतो. ऑस्ट्रेलिया भारतातून थेट कुत्रा घेतच नाही. आधी मान्य अशा दुसऱ्या देशात मुक्काम हवा. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून भारतासारख्या पिसाळीचा धोका अधिक असलेल्या देशांतून येणाऱ्या कुत्र्यांना वयाची सहा महिन्यांची अट घातली आहे आणि चिपेचा, लसीचा सरकारी शिक्क्याचा कागद मागितला आहे.

यात भारताचा अपमान आहे असे काही मंडळींना वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. आपल्या गल्लीत पिसाळलेले कुत्रे येते, माणसे चावून घेतात आणि दगावतात, ही आपली वस्तुस्थिती आहे. ज्यांच्या देशात ती नाही त्यांनी दार लावून घेतले तर रागावून काय उपयोग? बुळकांडीच्या बाबतीत आपणच काय करून दाखविले ते पाहा. १९५४ पासून देशभर लसीची मोहीम निघाली. तेव्हा आपला जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. १९९५ साली शेवटचा रोगी पशू नोंदला गेला, २००६ साली भारत बुळकांडीमुक्त म्हणून मान्य झाला, आणि २०११ मध्ये तो रोग पृथ्वीवरूनच गेल्याचे जाहीर झाले. देवीनंतर मनुष्यजातीने समूळ नाहीसा केलेला हा दुसराच रोग.

येथे एक आडवळण घेतल्यावाचून राहवत नाही, कारण आपण उस्मानाबादी शेळीच्या मुलखात बसलो आहोत. काळीभोर, बहुधा जुळी देणारी ही शेळी म्हणजे कोरडवाहू घरातली चालतीबोलती पेढी. मुक्तेश्वरला एडवर्ड्‌स या शास्त्रज्ञाने बुळकांडीचा विषाणू शेळ्यांतून एकीमागून एक असा फिरवीत नेऊन निवळविला, आणि शेळीच्या शरीरातून तयार झालेली ती लस आपल्या गाईबैलांना टोचली गेली. २०२२ साली लम्पी आला. राज्यभर गुरांचे बाजार बंद झाले, गुरांची ने-आण थांबली. तेव्हाही गाईंना टोचली गेली ती शेळ्यांच्या देवीची लस. दोन वेळा शेळीने गाईला सावरले. गाईचे पोवाडे पुष्कळ झाले. शेळीचा कोणी एखादा रचला तर आम्ही ऐकण्यास येऊ.

पण याच शेळीच्या दाखल्याची आपण काय किंमत ठेवतो? १९७८ च्या नियमांप्रमाणे शेळ्या-मेंढ्या असोत, गुरे असोत, कुत्री-मांजरे असोत, प्रवासाला निघताना पशुवैद्याचा दाखला बरोबर हवा : जनावर प्रवासास धड आहे आणि संसर्गाचा रोग त्याच्यात दिसत नाही. २००९ चा संसर्गजन्य पशुरोगांचा कायदा आहे. त्यात लसीच्या दाखल्याची आणि तपासनाक्यांची तरतूद आहे. बकरी ईदच्या आधी आठवडी बाजारांतून टेम्पो भरून शेळ्या-बोकड मुंबईकडे निघतात. त्या वेळी टेम्पोत कितींचे दाखले असतात, आणि जे असतात त्यांतले किती दाखले जनावर समोर उभे करून लिहिलेले असतात, हे बाजारात वावरणाऱ्यांना आम्ही सांगावयास नको. पन्नास शेळ्यांचा एक कागद, तोही आदल्या दिवशी कोरा सही करून ठेवलेला, असे आम्ही स्वतः पाहिले आहे. कोठे आणि कोणाचा, ते येथे सांगत नाही. शेळ्यांची जी बुळकांडी, म्हणजे पीपीआर, ती भारतात १९८७ साली तमिळनाडूत प्रथम ओळखली गेली आणि मग देशभर पसरली. शेळी काही स्वतःच्या पायांनी तमिळनाडूतून इकडे येत नाही.

कोऱ्या कागदावर सही करणारा मनुष्य दुष्टच असतो असे नाही. तालुक्याचा पशुधन विकास अधिकारी एक, गावे शंभर, दारात टेम्पो सुरू, आणि व्यापारी घाईत. मालकालाही वाटते, माझी शेळी मला दिसते आहे, उड्या मारते आहे, मग कागद कशाला? अँटवर्पची गुरेही उड्याच मारीत होती. आम्हांला एवढे मात्र दिसते की कुत्र्यासाठी चार महिने झटणारे घर शेळीसाठी चार मिनिटे थांबत नाही. आणि शेजारच्या गोठ्याला धोका कुत्र्यापेक्षा त्या टेम्पोतूनच अधिक आहे.

आता त्या बाईंच्या कुत्र्याचे सांगतो, कारण ते अर्धे राहिले. त्यांनी पिशवीतून लसीचे कार्ड काढून दाखविले आणि आम्ही दिव्याखाली तारखा वाचल्या. लस संक्रांतीनंतर टोचलेली होती आणि चिप त्याच्या तीन आठवड्यांनी बसविलेली. म्हणजे लस ज्या दिवशी टोचली त्या दिवशी या कुत्र्याला क्रमांकच नव्हता. ती याच कुत्र्याला टोचली हे दूरदेशीच्या नाक्यावर कोणी कशावरून मानावे? त्यामुळे पुढचे रक्त आणि पुढचे महिने हिशेबातच धरले गेले नव्हते. बाई पायरीवर बसल्या. मग बोटांवर मोजू लागल्या : वैशाखात पुन्हा लस, ज्येष्ठात रक्त, पुढे तीन महिने. "म्हणजे गणपती येथेच," त्या म्हणाल्या. आम्ही म्हटले, होय, आणि पितृपक्षही. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी तुळजापूरच्या रस्त्याला भक्तांची रीघ लागलेली असताना तो कुत्रा उलट्या दिशेने मुंबईस गेला. बाईंनी नातवाच्या हाती निरोप पाठविला की तिकडच्या विमानतळावर त्याच्या मानेवर यंत्र धरले, आकडे जुळले, कागदाची दोन पाने उलटली, आणि पाच मिनिटांत सोडले.